‘आकृती पहा’ म्हणजे कुठे पहा?

“सोबतची आकृती पहा.” दहावीपर्यंत हे वाक्य आपण किती वेळा वाचलं असेल? खरं तर मी ते कधी वाचलंच नसेल, कारण डोळे आधीच आकृतीवर गेलेले असायचे. ब्रेल पुस्तकात मात्र हे वाक्य येतं आणि बऱ्याचदा त्याच्या खाली काहीच नसतं. लगेच पुढचं वाक्य सुरू होतं. वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, मराठी आमची ‘सेकंड लँग्वेज’. मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख कमी पडतायत म्हणून मैत्रिणीने गळ घातली. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिने काढल्यात, राहिलेल्या माझ्या. टेक्निकल शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधायला गेले तर लेख पुढच्या वर्षीच्या अंकात येईल, तेव्हा तेही सांभाळून घ्या.

माझं आजोळ बीड जिल्ह्यात, नारायणगडाच्या पायथ्याजवळच्या एका खेड्यात आहे. २०२४ च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटलांचा मेळावा गडावर झाला आणि हे नाव टीव्हीवरून सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. आमच्यासाठी मात्र तो आजीचा गड. विठ्ठलाचं मंदिर, नगद नारायण महाराजांची समाधी आणि एकादशीची गर्दी. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. आजी दर एकादशीला वर जाते आणि सुट्टीत घरी असला की तिच्या पदराला धरून भैय्या जातो. भैय्या म्हणजे माझा मामेभाऊ. घरात त्याला सगळे भैय्याच म्हणतात. त्याला जन्मापासून दिसत नाही. तो बाहेरगावच्या निवासी अंधशाळेत शिकतो, दहावीत आहे आणि ब्रेल इतकं भराभर वाचतो की आपल्याला वाटावं हा नुसता कागदावरून हात फिरवतोय.

गेल्या दिवाळीत मी आजोळी गेले होते. मामा-मामी कापसाच्या वेचणीला रानात आणि ओसरीवर आजी, भैय्या, मी. तो भूमिती वाचत होता. मध्येच थांबून म्हणाला, “ताई, इथं आकृती पहा लिहिलंय. काय हाय गं आकृतीत?”

मी पुस्तक मागवून पाहिलं. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय. दहावीच्या भूमितीचा पहिलाच धडा, समरूपता. मी ऐटीत सांगायला लागले, “अरे सोपंय. एक त्रिकोण आहे, त्यात एक आडवी रेष आहे, पायाला समांतर.”

“त्यात म्हंजी कुठं?”

“मधे.”

“मधे म्हंजी? दोन्हीकडं टेकलीय का नुसती मधे लटकलीय?”

मग मी त्याचा तळहात घेऊन बोटाने त्यावर त्रिकोण काढला. तळहातावरची रेष काढता काढताच विरून जाते, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी तो म्हणाला, “राहू दे. परीक्षेत आकृतीच्या जागी दुसरा प्रश्न मिळतोच.” आणि थोड्या वेळाने, “पण मला दुसरा प्रश्न नको होता. मला सायन्सला जायचंय.”

ही गोष्ट मला लागली. परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न देतात, ती सवलत चांगल्या हेतूनेच आहे. पण दहा वर्षं एकही आकृती हाताखालून गेली नाही, तर अकरावीचं फिजिक्स कशाच्या जोरावर घ्यायचं? किरणाकृती नाही, सर्किट नाही, आलेख नाही. दिल्लीच्या कार्तिक साहनी या मुलाला अकरावीला विज्ञान मिळावं म्हणून आधी बोर्डाशी झगडावं लागलं होतं. २०१३ साली तो बारावी विज्ञानाला ९५ टक्क्यांच्या वर मार्क घेऊन पास झाला आणि पुढे स्टॅनफर्डला गेला. म्हणजे विषय अशक्य नाही. मधे कागद अडतोय.

मी म्हटलं, मी इंजिनिअर होतेय, आमच्या कॉलेजात लेझर कटर आहे, मी तुला आकृती करून देते. कुठली हवी बोल. मला वाटलं तो त्रिकोण मागेल. तो म्हणाला, “आधी गड दे. सगळे म्हणतेत गडावरून लांबलांबचं दिसतं. मला निस्ता गडच कसा हाय ते बघायचंय.”

(हो, तो ‘बघायचंय’च म्हणतो. आपणच उगाच शब्द जपून वापरतो.)

कॉलेजला परत आल्यावर मी जोमाने कामाला लागले. सॅटेलाइटच्या चित्रावरून ऑटोकॅडमध्ये गड ट्रेस केला. रस्ते, मंदिर, समाधी, गाड्या लावायची जागा, झाडं, चढ दाखवायला आठ कंटूर लाइन्स, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, भोवती छानशी दुहेरी चौकट आणि वर मोठ्या अक्षरांत ‘श्री क्षेत्र नारायणगड’. ३ मिमी जाडीच्या ॲक्रिलिकवर लेझरने कोरून घेतलं. हॉस्टेलमधल्या सगळ्यांनी वा वा केली. एकीने तर फोटो स्टेटसला ठेवला.

पुढच्या सुट्टीत भैय्याच्या हातात दिलं. त्याने दोन्ही हात ठेवले आणि पहिल्यांदा त्याला सापडली चौकट. तिच्यावरून त्याने बोट फिरवलं, चार वळणं घेऊन जिथे निघाला तिथेच परत आला. पुन्हा फिरला. तिसऱ्या फेरीनंतर म्हणाला, “ताई, हा रस्ता गडाला निस्ता प्रदक्षिणाच घालायलाय. वर जातच नाही.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी त्याचं बोट धरून आत आणलं तर तो कंटूर लाइन्समध्ये अडकला. आठ रेघा, रस्त्याच्या दोन रेघा, सगळ्या सारख्याच खोल. “मला तर समदं एकसारखंच लागायलंय,” तो म्हणाला. देवनागरी अक्षरं त्याला ओरखडे वाटले. झाडांना त्याने अक्षरं समजून वाचायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी त्याने ते बाजूला ठेवलं आणि माझं मन राखायला म्हणाला, “गुळगुळीत हाय पण.”

त्या ॲक्रिलिकमध्ये किती चुका होत्या ते मला पुढे त्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी फोनवर समजावलं. ते स्वतः अंध आहेत. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते, कारण या लेखाचा गाभा तोच आहे. तुम्ही डोळ्यांसाठी काढलेलं चित्र घेता आणि नुसतं वर उचलता. ते डोळ्यांचंच चित्र राहतं. बोटांसाठी चित्र मुळातूनच वेगळं काढावं लागतं.

हीच चूक दोनशे वर्षांपूर्वी खुद्द पॅरिसमध्ये झाली होती. व्हॅलेंटिन हाउई यांनी १७८० च्या दशकात तिथे अंध मुलांसाठी शाळा काढली. पुस्तकं कशी वाचायची? त्यांनी छापील रोमन अक्षरंच कागदावर उठवली. डोळस शिक्षकांना ती फार सोयीची, पण मुलं एकेक अक्षर चाचपत बसायची. मग चार्ल्स बार्बिए यांनी उठावाच्या ठिपक्यांची लिपी आणली. ती बारा ठिपक्यांची, एका बोटाखाली मावायची नाही. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या विद्यार्थ्याने ते ठिपके सहावर आणले आणि १८२९ साली आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. ब्रेल अक्षर छापील अक्षरासारखं अजिबात दिसत नाही आणि म्हणूनच ते बोटाला पटकन वाचता येतं. आपल्याकडे सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरलं. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलं. अक्षरांचा प्रश्न असा बराच सुटला. आकृत्यांच्या बाबतीत मात्र माझ्यासारखे लोक अजून हाउईच्याच काळात आहेत.

आता जरा बोटाकडे वळू. डोळा आधी सगळं पान पाहतो आणि मग बारकाव्यात शिरतो. बोटाचं उलटं आहे. बोटाखाली एका वेळी जेमतेम एक सेंटिमीटर जागा येते. वाचणारा तुकडे गोळा करतो आणि मनात जोडतो. तुम्ही कॉलेजचा नकाशा एका स्ट्रॉमधून पाहिलात तर कसा लागेल, साधारण तसं. म्हणून प्रत्येक जादा रेघ हे त्याच्या डोक्यावर जादा ओझं आहे. माझी चौकट, उत्तरेचा बाण, झाडं हे सगळं ओझंच होतं. उत्तर अमेरिकेतल्या ब्रेल ऑथॉरिटीने २०१० मध्ये उठावाच्या आकृत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही भर याच गोष्टीवर आहे की काय काढायचं याच्या आधी काय गाळायचं ते ठरवा, आणि ही आकृती मुळात लागतेच का हेही विचारा. जे एका वाक्यात सांगता येतं त्यासाठी आकृती काढून पोराची बोटं दमवायची नाहीत.

दुसरी अडचण अंतराची. बोटाच्या टोकाला दोन टोकं वेगळी कळायला साधारण २ मिमी तरी अंतर लागतं. म्हणून दोन रेघांमध्ये, किंवा रेघ आणि अक्षर यांच्यामध्ये ३ मिमी तरी मोकळी जागा ठेवायची. माझ्या कंटूर लाइन्स काही ठिकाणी एक मिमीवर होत्या. डोळ्यांना तो सुंदर चढ, बोटाला नुसता खरखरीत पट्टा. आणि लेझरने रेघा कोरल्या जातात, म्हणजे खाली जातात. बोटाला वर आलेली रेघ जास्त चांगली लागते. एवढं महागडं मशीन वापरून मी नेमकं उलटं काम केलं होतं.

तिसरी गोष्ट मला गणितासारखी आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्रेलचा फॉन्ट साइज नसतो. ठिपका अर्धा मिमी उंच, दोन ठिपक्यांत अडीच मिमी, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत सुमारे ६ मिमी आणि एका ओळीपासून दुसरीपर्यंत १० मिमी. आठ पॉइंट, सहा पॉइंट करून कोपऱ्यात बसवलं असं चालत नाही, बोट लहान होत नाही ना! आता ‘नारायणगड’ लिहा. भारती ब्रेलमध्ये काना वेगळं घर घेतो. न, काना, र, काना, य, ण, ग, ड अशी आठ घरं झाली. आठ सक ४८ मिमी. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिमी, म्हणजे एका नावात जवळजवळ पाव पान गेलं. मंदिर, समाधी, पार्किंग असं सगळं लिहीत बसलं तर गडाला जागाच उरत नाही. यावर उपाय म्हणजे आकृतीत एक-दोन अक्षरांची खूण टाकायची आणि वेगळ्या कागदावर खुणांची यादी द्यायची. ‘म’ म्हणजे मंदिर, ‘स’ म्हणजे समाधी. ती यादी आधी वाचायला द्यायची, मग आकृती.

दुसरा प्रयत्न मी सरांच्या सल्ल्याने अगदी स्वस्तात केला. शिवणकामात कापडावर खुणा करायला दाते असलेलं छोटं चाक वापरतात ना, ते आईच्या मशीनच्या खणात होतं. जाड कार्डशीट, खाली रबराची मॅट आणि वरून चाक फिरवलं की मागच्या बाजूला ठिपक्यांची सुरेख रेघ उठते. या वेळी फक्त रस्ता, मंदिर आणि समाधी घेतली, चौकट काढली नाही. भैय्याला लगेच रस्ता सापडला. बोट सरळ वर गेलं आणि मग तो थबकला. “ताई, आपण वळताना उन्हाची बाजू बदलते. हे उलटं वळलंय.”

उलटंच होतं. उठाव मागच्या बाजूला येतो, म्हणजे काढताना चित्र आरशातलं काढायला हवं. ब्रेल स्लेटवर मुलं लिहितात तेव्हा रोज हेच करतात, उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. पहिलीतल्या पोराला जे येतं ते थर्ड इयरच्या मुलीला सुचलं नव्हतं.

तिसरा नकाशा लागला. जाड पुठ्ठा. चढाच्या भागाला बारीक पॉलिश पेपर, रस्त्याला सुतळी, मंदिराला कोटाचं मोठं बटण, समाधीला छोटं. बाकी सगळं कोरं. कोरी जागाही बोटाला काहीतरी सांगते, ‘इथे काही नाही’ असं, आणि म्हणून ती जपायची असते. रेघ, ठिकाण आणि पृष्ठभाग हे तिन्ही स्पर्शाला लगेच वेगळे कळले पाहिजेत आणि सगळ्यात महत्त्वाचं जे असेल ते सगळ्यात ठळक लागलं पाहिजे. पॉलिश पेपर आधी मी फार खरखरीत घेतला होता, तेव्हा सुतळी त्यात हरवत होती. बारीक घेतल्यावर सुतळी उठून आली.

मग त्याने विचारलं, “पण उंच किती हाय?” वरून काढलेल्या नकाशात उंची कुठून येणार! मी दुसऱ्या पुठ्ठ्यावर गडाची बाजू काढली, पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच रेघ. अगदी स्केलमध्ये काढली, त्यामुळे रेघ बरीच आडवी आली. त्याने दोनदा बोट नेलं. “एवढीच चढण? मग आजी अन् मी एवढं दमतो ते का गं? चुकलं कोण, तुझा नकाशा का आमचे पाय?” आजी आतून ओरडली, “नकाशाच चुकला असंल!” सर्व्हेइंगमध्ये उभं स्केल आडव्यापेक्षा वाढवून घेतात, कारण काय ते मला परीक्षेत लिहिता आलं होतं. समजलं त्या दिवशी.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग ग्राफिक्सला आपण सगळ्यांनी शिव्या दिल्यात. मिनी ड्राफ्टर घेऊन बसमध्ये चढायचं, रात्रभर शीट काढायची, फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. ‘वस्तू अशी कोणाला दिसते’ हा आमचा ठरलेला प्रश्न. उत्तर माझ्या ओसरीवर मिळालं. मी भैय्याला घनाची आयसोमेट्रिक आकृती दिली होती, पुस्तकात असते तशी. त्यात एकही काटकोन नसतो. चौरसाचे तीन तिरपे समभुज झालेले असतात आणि बाहेरची कडा षटकोनी. आपला डोळा त्यातून डबा ‘बघतो’, कारण लहानपणापासून चित्रं पाहून त्याला सवय झालीय. भैय्या म्हणाला, “डब्याला सगळीकडं चौकोन असतेत. इथं एक पण नाही.” तो शंभर टक्के बरोबर होता. चुकीची आकृती आपणच खरी मानतो. मग मी त्याच्या एका हाताखाली साबणाची वडी ठेवली आणि दुसऱ्या हाताखाली तिचे तीन व्ह्यू. समोरून, वरून, बाजूने. त्याला चार मिनिटं लागली. आपल्याला एक सेमिस्टर लागलं होतं. दूरच्या वस्तू लहान होणं, मागची कड लपणं, हे सगळे डोळ्यांचे नियम आहेत. हाताला वस्तू जशी लागते तशी दाखवायची तर व्ह्यू किंवा छेदच कामाचा. हृदयाची आकृती, झडप, मोटार, सगळ्यांना हेच लागू.

आता तो त्रिकोण. मूळ आकृतीत त्रिकोण एबीसी, पाया बीसीला समांतर रेषा पीक्यू, पी एबीवर आणि क्यू एसीवर. सिद्धतेसाठी आणखी दोन रेघा, पीसी आणि बीक्यू, त्या आत एकमेकींना छेदतात. सहा रेघा, पाच अक्षरं. बोट छेदाजवळ पोचलं की चौरस्त्यावर आल्यासारखं होतं, चार रस्ते फुटतात आणि आपण कुठल्या रस्त्याने आलो तेच विसरायला होतं. म्हणून मी एका आकृतीचे तीन कागद केले. पहिल्यावर त्रिकोणाच्या बाजू सुतळीच्या आणि पीक्यू पातळ दोऱ्याची. बिंदूंना आजीच्या टिकल्या. (टिकली हा जगातला सगळ्यात स्वस्त टॅक्टाइल पॉइंट आहे, पेटंट घ्यायला हवं.) दुसऱ्यावर तेच, फक्त बीक्यू जोडली आणि त्रिकोण पीक्यूबीला बारीक पॉलिश पेपर लावला. तिसऱ्यावर बीक्यू नाही, पीसी आहे आणि पॉलिश पेपर त्रिकोण पीक्यूसीला. तिन्ही कागदांवर मूळ त्रिकोण त्याच जागी, त्याच मापाचा. हे फार महत्त्वाचं, नाहीतर बोटाला वाटतं की दुसरीच आकृती आली.

त्याने तिन्ही वाचले. मग दुसरा आणि तिसरा कागद शेजारी ठेवून दोन्ही हात एकदम दोन खरखरीत त्रिकोणांवर ठेवले. “दोघांचा पाया एकच, पीक्यू. आणि दोघांची टोकं खालच्या रेघेवर. रेघ समांतर, म्हंजी उंची सारखी. मग क्षेत्रफळ सारखंच की!” तेच त्या सिद्धतेचं मर्म आहे. दोन्ही त्रिकोण सारख्या क्षेत्रफळाचे, म्हणून एपीक्यूशी त्यांची गुणोत्तरं सारखी, म्हणून दोन्ही बाजू एकाच प्रमाणात विभागल्या जातात. मला दहावीत ही सिद्धता पाच मार्कांसाठी पाठ होती. ते दोन त्रिकोण ‘वेगळे’ आहेत हे एकावर एक काढलेल्या आकृतीत मला कधी नीट दिसलंच नव्हतं.

तपासणीबद्दलही सांगायला हवं. पहिल्या आकृतीच्या वेळी मी स्वतः डोळे मिटून हात फिरवला होता आणि सगळं मस्त कळलं होतं. कळणारच, मीच काढलं होतं! डोळस माणसाने डोळे मिटले तरी चित्र आत असतंच. शिवाय आपली बोटं सरावाची नसतात, म्हणजे ही परीक्षा दोन्हीकडून खोटी. जो ब्रेल वाचतो, ज्याने ती आकृती आधी पाहिलेली नाही, त्याच्याच हाताखाली ती द्यायची आणि आपण तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवणं मला सगळ्यात अवघड गेलं. भैय्या कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे दोनदा चाचपतो, ते लिहून घ्यायचं. जिथे थांबला तिथे चूक माझी. अर्थात वाचायलाही शिकवावं लागतं. एक हात एका ठिकाणी ठेवून दुसऱ्याने शोधायचं, आधी सगळ्या कागदावरून हात फिरवून पसारा किती ते बघायचं, हे त्याच्या सरांनी त्याला शिकवलं. आकृतीच्या आधी दोन ओळी लिहिल्या की अर्धं काम होतं. ‘पायथा खाली आहे, रस्ता खालून वर जातो, वाटेत एक वळण आहे’, एवढंसुद्धा पुरतं.

हा सगळा घरगुती मामला झाला. सुतळी-टिकल्यांनी एका मुलाचं एक प्रमेय होतं, सगळ्या शाळांची पुस्तकं होत नाहीत. मोठ्या प्रमाणावर करायच्या मुख्य पद्धती दोन-तीन आहेत. एक म्हणजे थर्मोफॉर्म. साचा करायचा, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून तापवायचा आणि खालून हवा खेचायची. साच्याचा उठाव जसाच्या तसा कागदावर येतो, वेगवेगळ्या उंच्याही मिळतात. एकदा साचा झाला की हव्या तेवढ्या प्रती निघतात. मात्र आमच्या बीडच्या उन्हाळ्यात घामेजलं बोट प्लास्टिकवर अडखळतं. भैय्या बोटांना पावडर लावून घेतो. दुसरी पद्धत फुगणाऱ्या कागदाची. त्यावर सूक्ष्म कॅप्सूलचा थर असतो, काळ्या शाईने छापून गरम मशीनमधून काढला की काळा भाग उष्णता जास्त शोषतो आणि फुगतो. झटपट होतं, पण सगळं एकाच उंचीचं आणि कागद महाग. तिसरी म्हणजे ठिपके उठवणारा प्रिंटर, एम्बॉसर. चित्रं चांगली छापणारा ‘टायगर’ एम्बॉसर जॉन गार्डनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या कामातून आला. १९८८ मध्ये त्यांची दृष्टी गेली आणि आपलेच आलेख आपल्याला वाचता येईनात, तिथून सुरुवात झाली.

आपल्याकडेही काम झालं आहे. आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन आणि प्रा. पी. व्ही. एम. राव यांच्या गटाने थ्रीडी प्रिंटरवर साचे करून थर्मोफॉर्मने प्रती काढायची पद्धत बसवली. त्यातून उभ्या राहिलेल्या रेझ्ड लाइन्स फाउंडेशनने एनसीईआरटीच्या विज्ञान-गणिताच्या आकृत्या उठावात आणल्या. कोलकात्याच्या नॅशनल ॲटलस संस्थेने २०१७ मध्ये भारताचा ब्रेल ॲटलस काढला. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विद्यार्थ्याला वाचता येईल अशा स्वरूपात अभ्याससाहित्य द्यायला सांगितलं आहे. मग माझ्या मामेभावाच्या पुस्तकात जागा कोरी का? साचा दिल्लीत आहे आणि पोरगा नारायणगडाच्या पायथ्याशी, मधलं अंतर कोणीतरी चालायचंय. शिवाय त्याचं पुस्तक आपल्या राज्य मंडळाचं, मराठीतलं. त्याच्या खुणा, त्याची अक्षरं वेगळी. त्रिकोण तोच असला तरी कागद नवा करावा लागतो.

आमच्या वर्कशॉपमधला थ्रीडी प्रिंटर दुपारनंतर बहुतेक वेळा रिकामाच असतो. सध्या आम्ही तिघी त्यावर समरूपतेच्या धड्याचे साचे करतोय. थर्मोफॉर्मचं मशीन नाही, पण जाड कागद ओला करून साच्यावर दाबला तर कामापुरता उठाव येतो असं दिसतंय. रेघांची उंची एक मिमी ठेवली तर कागद फाटतो, पाऊण ठेवली तर राहतो. अक्षरांचे ठिपके प्रिंटरवर टोकदार येतात आणि बोटाला बोचतात, तिथे अजून अडलंय. मेकॅनिकलच्या कोणाला उपाय माहीत असेल तर कृपया भेटा.

गेल्या आठवड्यात पहिली पाच पानं भैय्याला पाठवली. रात्री फोन आला. चार पानं लागली म्हणाला. पाचव्याचं काय, विचारलं.

“त्यात क्यू रेघेला चिकटलाय. आणि ताई, तू परत चौकट काढलीस.”

चौकट नव्हती ती, साच्याची कड उमटली होती. उद्या घासून काढते.